आधी मॉनिटर सांगा, मग प्रोसेसर सांगतो

परीक्षा संपल्या की आमच्याकडं पत्रांची रांग लागते. बारावी सुटलेली, इंजिनिअरिंगची, नुकती नोकरीला लागलेली, सगळ्यांना गेमिंग पीसी जोडायचाय आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, प्रोसेसर कुठला घेऊ. त्यातली पाच पत्रं इथं घेतलीत. 'इंटेल भारी की एएमडी भारी' (प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्या, आय३-आय५-आय७-आय९ इंटेलचे, रायझन एएमडीचे) एवढंच विचारणारी पत्रं बाजूला ठेवली, तो सामना शाहू स्टेडियमवर लावा, इथं नको. भाव पण लिहीत नाही, अंक हातात पडेपर्यंत ते बदललेले असतात आणि राजारामपुरीत एक, ऑनलाईन एक असंही असतंय.

प्रश्न : सर, माझं बजेट ८० हजार आहे. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, पुढं जीटीए ६ पण खेळायचाय. एक दुकानदार म्हणाला आय७ शिवाय गेमिंग होतच नाही, त्याच्याकडं आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड असा तयार सेट २५ हजारात आहे. मित्र म्हणतो रायझन ७ च्या खाली बघू नको. मॉनिटर घरी आहे, जुना आहे पण चालतोय. काय करू?
— मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : भावा, आधी त्या २५ हजाराच्या सेटचा कंडका पाडू. आय७ म्हटलं की झालं असं नसतंय, आय७ च्या पुढचा आकडा बघायचा असतोय. आय७-२६०० हा २०११ चा, आय७-३७७० हा २०१२ चा, दोन्ही आय७च. ऑफिसातनं निघालेला असला एखादा प्रोसेसर, त्याखाली कंपनीचं नाव नसलेला एच६१ मदरबोर्ड, जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम, जीटी ७३० कार्ड आणि वरनं काचेची कॅबिनेट, रंगीत लाईटचे पंखे, झाला गेमिंग पीसी तयार. जीटी ७३० हे २०१४ चं अगदी खालच्या थरातलं कार्ड आहे, त्यावर ४ जीबी मेमरी लावली म्हणून ते पळायला लागत नाही. आणि गंमत बघ, आय७-३७७० मध्ये ४ कोर (काम करणारे भाग) ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत आणि २०२२ ला आलेल्या आय३-१२१००एफ मध्ये पण ४ कोर ८ थ्रेडच आहेत, पण गेममध्ये हा आय३ त्या आय७ ला कुठल्या कुठं मागं टाकतोय, कारण एकेक कोरच दहा वर्षांत तेवढा सुधारलाय. वर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतोय, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ह्या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय चालूच होत नाही. म्हणजे ज्या गेमसाठी घेतोयस तोच अडणार. दुकानात एवढंच म्हणायचं, प्रोसेसरचं पूर्ण नाव बिलावर लिहून द्या. तिथंच कळतंय काय ते.

आता तुझा खरा प्रश्न. तू सगळं लिहिलंस, फक्त मॉनिटर किती हर्ट्झचा ते लिहिलं नाहीस आणि नेमकं तेच मला पाहिजे होतं. डिस्प्ले सेटिंग्ज उघड, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट लिहिलेला असतोय. जुना म्हणतोयस म्हणजे ६० च असणार. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंदाला एकदा, १४४ हर्ट्झचा ६.९ मिलिसेकंदाला एकदा. तुझा प्रोसेसर व्हॅलोरंटमध्ये सेकंदाला ४०० फ्रेम, म्हणजे चित्रं, काढू दे नाहीतर २०० काढू दे, ६० च्या पडद्यावर डोळ्याला ६० च दिसणार. माऊसचा प्रतिसाद थोडा चटकन येतो, ते खरं आहे, पण त्यासाठी रायझन ७ चे पैसे घालायचे आणि पडदा तोच ठेवायचा ह्याला काही अर्थ नाही.

प्रोसेसर कुठं कामाला येतो ते एकदा डोक्यात बसव. १०८० पिक्सेलवर, सेटिंग्ज लो करून व्हॅलोरंट नाहीतर काउंटर स्ट्राईक २ खेळतोस तेव्हा ग्राफिक्स कार्डाला फारसं काम नसतंय, फ्रेम किती निघायच्या ते प्रोसेसर ठरवतो. जीटीए सारखा मोठ्या नकाशाचा गेम ग्राफिक्स चढवून खेळलास, नाहीतर १४४० पिक्सेलचा पडदा घेतलास, की सगळा भार कार्डावर जातो आणि महागड्या-स्वस्त प्रोसेसरमधला फरक आकसत जातो. म्हणून आधी पडदा, मग कार्ड, आणि त्या कार्डाला उपाशी ठेवणार नाही एवढा प्रोसेसर, ह्या क्रमानं यायचं. आपल्याकडं उलटं चालतंय, पोरं आधी प्रोसेसर ठरवतात आणि शेवटी उरलेल्या पैशात मिळंल ते कार्ड घेतात.

तुझ्या बजेटमध्ये मी रायझन ५ ५६०० नाहीतर आय५-१२४००एफ घेईन. दोन्ही २०२२ चे, दोन्ही ६ कोर १२ थ्रेड, दोन्ही ६५ वॅटच्या वर्गातले, डब्यातला कूलर पुरतोय, आणि व्हॅलोरंटमध्ये २०० च्या वर फ्रेम आरामात देतात. दोघांत डोकं फोडून घेऊ नकोस, बोर्ड धरून ज्याची बेरीज कमी येईल तो उचल. १२४०० घेतलास तर बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा ते बघून घे, त्यावर दोन्ही प्रकारचे येतात. मागं 'एफ' लिहिलेल्या इंटेलमध्ये पडद्यावर चित्र द्यायची सोय नसते आणि ५६०० मध्ये पण नाही, त्यामुळं एचडीएमआय वायर बोर्डाला नाही, कार्डाला लावायची. पीसी चालू होतोय पण चित्रच येईना अशी पत्रं पण दर महिन्याला असतात.

रायझन ५ ७६०० का नको? नको असं नाही, तो नव्या एएम५ सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आहे आणि एएमडीनं ह्या सॉकेटला निदान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर द्यायचं सांगितलंय, म्हणजे पुढं बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२५ च्या शेवटापासनं रॅमचे भाव चढलेत, मेमरीवाल्या कंपन्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडं वळलाय. १४४ हर्ट्झचा पडदा घरात आधीच असता तर मी तुला ७६०० कडं ढकललं असतं. तुला पडदा पण घ्यायचाय. तेव्हा ५६००, १४४ किंवा त्याच्या वरचा मॉनिटर, ८-८ च्या दोन रॅम, एकच १६ ची नको, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय, आणि राहिलेले सगळे कार्डावर घाल. पॉवर सप्लायमध्ये वाचवायला जाऊ नकोस. रॅम लावली की बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारा बोर्डाचा सेटिंगचा प्रोग्राम) जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं पळवायचं सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० नाहीतर २६६६ वर रांगत बसते आणि दोष प्रोसेसरवर येतो.

जीटीए ६ चं म्हणशील तर तो बनवणाऱ्या रॉकस्टारनं जाहीर करताना प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एवढीच नावं घेतली. पीसीचं नाव नाही. जे आलंच नाही त्याच्यासाठी आत्ता प्रोसेसर घेऊन ठेवायचा नसतोय.

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याने कॉम्प्युटरची यादी पाठवली आहे, त्यात कोअर आय९-१४९००के आणि लिक्विड कूलर असे लिहिले आहे. कॉलेजच्या सॉफ्टवेअरला हे लागतेच म्हणतो. मला यातले काही कळत नाही. खरोखर लागते का?
— एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : काका, लागत नाही. मुलगा अगदीच खोटं बोलत नाही, पण यादी गेमची आहे आणि पावती कॉलेजच्या नावानं फाडायची आहे, एवढंच.

ऑटोकॅडचं, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं, बहुतेक काम एकाच कोरवर चालतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या ड्रॉइंगला साधा सहा कोरचा प्रोसेसर मस्त पुरतो. हा आय९ २४ कोरचा आहे आणि जोर लावला की एकटा २५३ वॅटपर्यंत वीज ओढतो, म्हणून तर त्याला लिक्विड कूलर लागतो. म्हणजे प्रोसेसर महाग, त्याच्यासाठी बोर्ड महाग, कूलर महाग, पॉवर सप्लाय महाग, आणि एप्रिल-मे मध्ये होस्टेलची खोली तापणार ती वेगळीच.

दुसरं म्हणजे इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरमध्ये एक दुखणं निघालं होतं. गेम मध्येच बंद पडायचे, मशीन अडकायचं. २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतोय आणि त्यानं तो कायमचा खराब होऊ शकतो. मग बायोसमधनं दुरुस्ती दिली आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी आणखी दोन वर्षं वाढवली. दुरुस्ती नवीन बायोसमध्ये आहे, पण आधीच झिजलेला प्रोसेसर तिनं बरा होत नाही. म्हणून नवा घेऊन बायोस अपडेट केला तर चालेल, पण कोणी वापरलेला आय९ स्वस्तात देतो म्हणाला तर हात लावू नका.

मुलाला सांगा, रायझन ५ ७६०० घे, त्यात पडद्यापुरतं ग्राफिक्स आतच आहे, उद्या कार्ड बिघडलं तरी सबमिशन अडत नाही, कूलर डब्यातच येतो. वाचलेल्या पैशात ३२ जीबी रॅम आणि बरं कार्ड बसवू दे, सॉलिडवर्क्स सॉफ्टवेअरला पण त्याचा उपयोग होईल आणि गेम पण चालतील. गेम बंद करा म्हणून मी सांगणार नाही. आणि हो, प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच घ्यायला सांगा. डब्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, नुसता प्लास्टिकच्या ट्रेमधला प्रोसेसर शे-पाचशे स्वस्त पडतो पण त्याला कंपनी दारात उभं करत नाही, दुकानदार शब्द पाळेल तेवढीच वॉरंटी.

प्रश्न : माझ्याकडे २०१९ ला जोडलेला पीसी आहे, रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम. कार्ड मागच्या वर्षी बदललं, आरटीएक्स ४०६० घेतलं, पण गेममध्ये मध्येच झटके बसतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतो, मग प्रोसेसरचा काय दोष? सगळा पीसी बदलायला लागेल का? आमच्या घराच्या मागंपुढं यंत्रमागाच्या शेड आहेत, पीसीत धूळ फार होते.
— इचलकरंजी

उत्तर : ते ४० टक्के बघून बरेच जण फसतात. तो आकडा १२ थ्रेडची सरासरी आहे. गेमचा मुख्य धागा (थ्रेड) एका कोरवर शंभर टक्के घामाघूम झालेला असतो आणि बाकीच्यांना फार काम नसतं, सरासरी येते ४०. त्यापेक्षा कार्डाचा आकडा बघ. गेम चालू असताना कार्ड ९५ च्या वर असेल तर प्रोसेसर बरोबर चाललाय. कार्ड ६०-७० वर लोळत असेल तर प्रोसेसर पुरा पडत नाही. अजून खात्री करायची असेल तर गेमचं रिझोल्युशन एकदम खाली आण. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर कंडका पडलाच, दोष प्रोसेसरचा.

पीसी बदलू नको. बी४५० वर बायोस अपडेट केला की रायझन ५००० मालिका चालते, म्हणजे तुला बोर्ड, रॅम, कॅबिनेट काहीच बदलायचं नाही. ५६०० टाकलास तरी फरक डोळ्याला दिसेल, २६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली हाताशी असलेली मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२. रायझन ७ ५७००एक्स३डी कुठं मिळाला तर त्यात ९६ आहे आणि तो ह्या बोर्डाचा शेवटचा मोठा घास, पण तो मिळणं आता नशिबाचा भाग झालाय. ५५०० मात्र घेऊ नको, नावात थोडाच फरक दिसतो पण त्यात कॅश १६ च आहे.

आता करायचं कसं, इथं जरा सावकाश वाच, कारण लोक प्रोसेसर निवडण्यात महिना घालवतात आणि बसवताना पाच मिनिटात वाट लावतात. बायोस आधी अपडेट करायचा, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. नवा बसवल्यावर जुन्या बायोसवर मशीन सुरूच होणार नाही. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड जायचा, तेव्हा यूपीएस असेल तर त्यावर, नसेल तर कोणाचा तरी दोन तासासाठी आण. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेव, प्रोसेसर बदलला की विंडोज ती मागू शकतं आणि त्या वेळी ती त्याच पीसीत अडकलेली असते.

मग कूलर. तुझ्या बोर्डाचं सॉकेट एएम४, त्यात १,३३१ पिना प्रोसेसरलाच असतात, बोर्डाला नाही. इतक्या वर्षात मधली पेस्ट वाळून सिमेंट झालेली असते, कूलर सरळ वर ओढलास की प्रोसेसर लॉक उघडायच्या आधीच सॉकेटमधनं उपटून येतो आणि कडेच्या पिना आडव्या. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालव, पेस्ट गरम झाली की बंद कर, वायर काढ, चारी स्क्रू थोडे थोडे आळीपाळीनं सोडव, आणि कूलर उचलायचा नाही, आधी डावी-उजवीकडं हळूहळू फिरवायचा. सुटला असं हाताला कळतंय, मगच वर. नवा बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आला की तो आपल्या वजनानं खाली बसतो, दाबायला लागला तर समज की उलटा धरलायस.

धुळीचं म्हणशील तर तुमच्याकडं ती धूळ नाही, कापसाचा फुफाटा आहे. साधी धूळ फुंकली की उडते, हा तंतू कूलरच्या पट्ट्यांमध्ये गोधडीसारखा बसतो आणि पंखा वरनं फिरत राहतो, हवा खाली जातच नाही. प्रोसेसर ९०-९५ अंशाला गेला की स्वतःच वेग कमी करतो, त्यानं पण झटके बसतात. त्यामुळं पैसे घालायच्या आधी एकदा कूलर साफ करून, तापमान बघून, मग ठरव. पंखा बोटानं धरून ब्लोअर मार, मोकळा सोडून मारू नको. आणि कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला बारीक नायलॉनची जाळी लाव, आठवड्याला काढून झटकता येते.

प्रश्न : कार्डासाठी आत्ता पैसे नाहीत. कार्डाशिवाय चालणारा प्रोसेसर घेऊन सहा महिन्यांनी कार्ड टाकलं तर चालेल का? ५६००जी बघितलाय.
— कागल

उत्तर : चालेल, पण माहीत असून घे. ५६००जी वर व्हॅलोरंट, जुने गेम १०८० वर चांगले चालतात, अट एकच, रॅमच्या दोन कांड्या पाहिजेत, कारण त्याचं ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरतंय आणि एका कांडीवर निम्मा रस्ता बंद असतोय. त्याची खोड नंतर दिसते. त्यात कॅश ५६०० च्या निम्मा आणि कार्ड जोडायचा रस्ता जुना, पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे. आरटीएक्स ४०६०, ५०६० असली कार्डं मुळात ह्या रस्त्याच्या आठच लेनवर चालतात, त्यामुळं अशी कार्डं त्यावर थोडी आखडतात. सहा महिन्यांनी कार्ड नक्की येणार असेल तर ५६०० घेऊन तोवर कोणाचं तरी जुनं कार्ड वापर, ते जास्त बरं. कार्ड दोन-तीन वर्षं येणारच नाही असं मनात असेल तर एएम५ चा ८६००जी बघ, त्यातलं ग्राफिक्स ५६००जी च्या बरंच पुढं आहे, पण रॅम डीडीआर५ लागेल, ते वर लिहिलंय.

प्रश्न : मी फक्त युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो, एसटी बसचा मोड (गेममध्ये वरनं घातलेली भर), ट्रॅफिकचा मोड सगळं टाकलंय. आय५-१०४००एफ, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी डीडीआर४. हायवेला मस्त पळतंय पण मोठ्या शहरात शिरलं की फ्रेम ३५ वर येतात. मोठं कार्ड घेऊ काय?
— शिरोली

उत्तर : कार्डाला हात लावू नको, ते बिचारं शहरात आल्यावर झोपा काढत असणार. हा गेम २०१२ चा, त्याची बांधणी जुनी, बराचसा भार एका थ्रेडवर टाकतो. वर तू ट्रॅफिकचा मोड घातलास, म्हणजे प्रत्येक गाडीचा हिशेब त्याच एका थ्रेडच्या डोक्यावर. अशा खेळाला जास्त कोर नकोत, एक दमदार कोर आणि मोठा कॅश पाहिजे.

कॅश काय करतो तर, लक्ष्मीपुरीतला धान्यवाला रोज खपणारी पोती गल्ल्याजवळ ठेवतो, बाकी माल गोडाऊनला. गिऱ्हाईकानं मागितलेलं हाताशी असलं की लगेच, नसलं की पोरगा गोडाऊनला पळणार. प्रोसेसरचं गोडाऊन म्हणजे रॅम. तुझ्या १०४००एफ चा गल्ला १२ एमबीचा आहे, एएमडीच्या एक्स३डी वाल्यांचा ९६ चा, कारण त्यांनी कॅशचा एक वेगळा थर प्रोसेसरच्या चिपवरच चढवलाय. २०२२ ला ५८००एक्स३डी पासनं हे सुरू झालं, २०२३ ला ७८००एक्स३डी, २०२४ ला ९८००एक्स३डी, त्यात तो थर कोरच्या खाली घातला म्हणजे कोर थंड राहून जास्त वेगानं पळतात. सिम्युलेटरवाल्यांना ह्याचा फायदा सगळ्यात जास्त होतोय, बाकी गेममध्ये कधी दिसतो, कधी नाही.

तुझ्या बोर्डावर पुढं जायला फारसा रस्ता नाही, अकरावी पिढी काही बोर्डांवर बसते, काहींवर नाही, आणि बसली तरी पैशाच्या मानानं मिळतंय थोडंच. रॅम डीडीआर४ ची आहे ती ठेवायची असेल तर एएम४ चा बी५५० बोर्ड आणि ५७००एक्स३डी, तो नाही मिळाला तर ५६०० वर पण बराच फरक पडेल. हात मोकळा असेल तर ७८००एक्स३डी, पण तो ५६०० च्या तिप्पट तरी जातो, वर बोर्ड आणि डीडीआर५. नुसत्या एका गेमसाठी एवढं घालायचं का ते घरात विचारून बघ.

त्याच्या आधी फुकटातलं करून बघ. ट्रॅफिकची घनता थोडी उतरव, आणि आरशांची क्वालिटी कमी कर, कारण प्रत्येक आरशासाठी गेम रस्ता परत एकदा काढत असतो आणि बसला आरसे किती ते तुला माहीतच आहे. त्यातनं ३५ चे ४५ झाले तर तूर्त पैसे खिशातच राहू दे.